भुताचं कारण कळलं की माझी भीतीच संपते, तुमचं कसं?

खिडकीपाशी:
भयकथा वाचणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतेय. माझी आवड हल्ली जरा विचित्र होत चाललीये. कुठलीही भयकथा घेतली की सुरुवातीची पानं मस्त जातात, जुना वाडा असो नाहीतर नवीन टॉवरमधला फ्लॅट, काहीतरी किंचित बिनसलेलं असतं, लिफ्ट नको त्या मजल्यावर थांबते, बंद खोलीतला पंखा फिरत असतो, आणि मी पाय पलंगावर घेऊन वाचत असते. मग पाऊण कथा झाली की एक म्हातारा वॉचमन किंवा शेजारच्या काकू येतात आणि सगळं सांगून टाकतात. याच घरात म्हणे एका सुनेला जाळलं होतं. झालं, माझी भीती खल्लास. पुढे मला त्या सुनेची दया येते, सासूचा संताप येतो, पण भीती नाही, कारण तिला काय हवंय ते आता मला कळलंय आणि मी काही तिचं वाईट केलेलं नाही, मग ती मला कशाला धरेल? सूडकथा म्हणून ठीक आहे हो, पण रात्री बाथरूमला जाताना पॅसेजचा लाइट लावावासा वाटला पाहिजे ना!

याउलट जी कथा मला अजून सोडत नाही ती एम. आर. जेम्स यांची शिट्टीची कथा, १९०४ च्या संग्रहातली. हे जेम्स केंब्रिजमधले जुन्या हस्तलिखितांचे मोठे अभ्यासक, नाताळच्या सुमारास मित्रांना जमवून मेणबत्तीच्या उजेडात स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचे. कथेत एक तरुण प्राध्यापक सुट्टीत समुद्रकाठच्या गावी गोल्फ खेळायला जातो, भुताखेतांवर अजिबात विश्वास नसलेला, थोडा शिष्टच. तिथल्या खाणावळीत त्याला दोन पलंगांची खोली मिळते. पडक्या अवशेषांत एक जुनी शिट्टी सापडते, तो ती साफ करतो आणि वाजवतो. त्याचा गुन्हा एवढाच. दुसऱ्या दिवशी मोलकरीण जादा पांघरूण घेऊन येते आणि कुठल्या पलंगावर ठेवू विचारते. तो म्हणतो, ज्यावर मी झोपलो होतो त्यावर. ती म्हणते, साहेब, तुम्ही तर दोन्ही वापरून बघितलेले दिसताय, सकाळी दोन्ही नीट करावे लागले आम्हाला.

मी तिथे पुस्तक पालथं घातलं होतं. शेवटी त्या दुसऱ्या पलंगावरची चादर उठून बसते आणि तिला चुरगळलेल्या कापडाचं तोंड असतं, ते भयंकर आहेच, पण माझी खरी टरकली ती त्या मोलकरणीच्या साध्या बोलण्याने. तिला काहीच माहीत नाही, ती फक्त कामाचं बोलतेय. शिट्टीवर लॅटिनमध्ये कोरलंय ‘हा कोण येतोय’, आणि कोण येतं ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

तर तुम्हाला नक्की कुठे भीती वाटते ते सांगा, आणि अशा कथा सुचवा, कुठल्याही भाषेतल्या. कादंबऱ्या नकोत, जेवण झाल्यावर एका बैठकीत संपेल असं पाहिजे. आतडी, रक्ताची थारोळी वगैरे पण नको, त्याने ओकारी येते, भीती नाही.

आडवळण:
पहिला मी! आमच्या सावंतवाडीकडे या, पुस्तकाची गरजच नाही. 😀

गंमत सोडा, पण तुमचं म्हणणं पटलं. लहानपणी आजोळी जेवढ्या गोष्टी ऐकल्या त्यात हडळ, मुंजा, ब्रह्मसमंध या सगळ्यांना कारण असायचं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो, इच्छा राहिलीये बिचाऱ्याची. त्याची भीती दिवसा जायची. देवचार तर आम्हाला आपलाच वाटायचा, रात्री गावाच्या हद्दीवरून काठी आपटत फिरतो, राखण करतो, त्याला विडी ठेवायची, वहाणा वाहायच्या, त्या नंतर झिजलेल्या दिसतात असं सांगतात. वाट चुकलेल्या माणसाला घरापर्यंत आणून सोडतो म्हणे. त्याला कोण घाबरणार?

चकवा मात्र वेगळा. चकव्याला रूप नाही, नाव नाही, कोण मेला म्हणून झाला वगैरे काही नाही. रोजची पायवाट असते, मळ्यातून घरी जायचं, आणि माणूस चालतो चालतो आणि परत त्याच बांधावर येतो. हाक मारणारं कोणी नाही, मागून येणारं कोणी नाही. उपाय काय तर खाली बस, विडी पेटव, उजाडेपर्यंत हलू नको. आमचे मामा सांगायचे की सगळ्यात वाईट काय तर समोर घराचा दिवा दिसत असतो. मला अजून कुठल्या पुस्तकातली गोष्ट त्या दिव्याएवढी लागलेली नाही. यावर कोणी चांगली कथा लिहिली असेल तर मला पण सांगा, चकव्याचा शेवटी खून झालेला असू नये एवढीच अट.

रद्दीतला_खजिना:
धागा चांगला, पण इथे थोडा विरोधी सूर लावतो. सत्तरच्या दशकात ज्यांनी वाचनालयातून धारप आणून वाचले त्यांना विचारा. नारायण धारपांच्या भयकथांमधले, भुताखेतांना घालवणारे समर्थ सगळं समजावून सांगतात, अगदी पद्धतशीर, ही शक्ती कुठली, कशी आली, तिला कसं घालवायचं. तरी आमची तंतरायचीच. कारण समर्थ यायच्या आधी जे घडायचं ते धारप असं लिहायचे की बास. आणि समर्थ येणार हे माहीत असणं हीच मजा होती, म्हणून तर पुढचं पान उलटायची हिंमत व्हायची. सगळ्यांनाच रात्रभर जागायचं नसतं ताई, काहींना घाबरून झाल्यावर झोपायचं पण असतं.

दुसरं, धारपांचा सगळा माल उजळच होता असं नाही. त्यांची ‘आजी’ वाचा. ती मूळ स्टीफन किंगच्या १९८४ च्या एका कथेवर बेतलेली आहे, तसं त्यांनी बरंच केलं, ‘लुचाई’ पण किंगच्याच कादंबरीवरून. पण ‘आजी’ची कल्पनाच बघा ना, घरात पोरगं एकटं, आई बाहेर गेलेली, आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी. बास, एवढंच! आजारी म्हाताऱ्या माणसाची भीती वाटणं आणि त्या भीतीची लाज पण वाटणं, ते ज्या घरात वर्षानुवर्षं कोणीतरी पडून असतं तिथल्या पोरांना बरोबर कळतं. आत जाऊन पाणी द्यायचं असतं आणि पाय उंबऱ्यापाशी अडतात. ‘तुंबाड’ सिनेमात (२०१८) सुरुवातीला ती साखळदंडातली म्हातारी आणि एकटा पोरगा आहे ना, त्याचं मूळ पण हीच कथा.

आणि रत्नाकर मतकरींचं नाव अजून कोणी घेतलं नाही? ‘गहिरे पाणी’ टीव्हीवर लागायचं तेव्हा आमच्या सोसायटीत जिन्यात शांतता असायची. मतकरींच्या कथेत भूत असतं कधी कधी, पण घाबरवतं घरातलं माणूस. ते नाटकवाले, त्यामुळे दोन माणसं चहा पीत बोलतायत आणि तुम्हाला कळतं की यातला एक खोटं बोलतोय, कशाबद्दल ते कळत नाही. तुम्हाला आवडेल, ‘खेकडा’पासून सुरुवात करा.

तिसरी_कडी:
खिडकीपाशी, तुझं गृहीतकच तपासून बघूया जरा. ‘माकडाचा पंजा’ तर वाचली असशीलच, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स, १९०२. तिच्यात सगळे नियम आधीच सांगितलेत. पंजा हिंदुस्थानातून आणलेला, एका फकिराने मंतरलेला, का मंतरला तेही स्पष्ट आहे, नशिबात ढवळाढवळ केली की भोगावं लागतं हे दाखवायला. तीन इच्छा. म्हणजे तुझा वॉचमन इथे दुसऱ्याच पानावर येऊन सगळं सांगून गेलाय! तरी ती जगातल्या सगळ्यात भीतीदायक कथांपैकी एक आहे. का?

माझ्या मते कारण सांगितल्याने काही बिघडत नाही, दाखवल्याने बिघडतं. म्हातारा दोनशे पौंड मागतो, दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी भरपाई देते दोनशे पौंड. मग दहा दिवसांनी आई म्हणते, त्याला परत मागून घे. आणि दारावर टकटक. मुलाची ओळख कपड्यांवरून पटवावी लागली होती हे बापाला माहीत आहे. आई धावत खाली जाते, वरच्या कडीपर्यंत तिचा हात पोचत नाही, नवऱ्याला हाका मारते, शेवटी खुर्ची ओढून आणते, आणि हा वर खोलीत अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतोय. खुर्ची सरकल्याचा आवाज आणि कडीचा आवाज. दार उघडतं तेव्हा बाहेर रस्ता रिकामा. आपण काहीच बघितलेलं नसतं. लेखकाने तो मुलगा दारात उभा करून दाखवला असता तर दोन मिनिटांत हसू आलं असतं.

आणि हो, ती आई. भुताला घरात घ्यायला निघालेली आई, कारण ते तिचं पोर आहे. तिथे भीती आणि रडू एकदमच येतं, यावर तुझं काय म्हणणं?

खिडकीपाशी:
@तिसरी_कडी, अगं हो, पंजाची गोष्ट मला पण प्रचंड आवडते, पण मी म्हणतेय ते कारण वेगळं. फकिराने सांगितला तो नियम आहे, आणि नियम माहीत असल्याने भीती वाढते, कारण पुढे काय होणार ते आपल्याला कळतं आणि म्हातारीला कळत नाही. वॉचमन सांगतो तो हिशेब असतो. अमक्याने तमक्याला मारलं म्हणून आता त्याला भोगायचंय, आणि हिशेब फिटला की सगळे सुटले. पंजाच्या गोष्टीत ज्यांनी भोगलं त्यांनी केलं तरी काय होतं, घराचे पैसे फेडायला चार पैसे मागितले. तेच माझ्या प्रोफेसरचं. शिक्षा गुन्ह्यापेक्षा अवाच्या सवा मोठी असली की मग आपण पण सुरक्षित नाही. दाखवण्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

@रद्दीतला_खजिना, उंबऱ्यापाशी पाय अडणं... काय लिहिलंत. ‘आजी’ शोधते. समर्थांशी मात्र माझं कधी जमलं नाही, ते आले की मला हेडमास्तर वर्गात आल्यासारखं वाटतं.

@आडवळण, समोर घराचा दिवा!! आज मी अंधारात चालायला जाणार नाही.

डेन्यूबकर:
मी सध्या व्हिएन्नात आहे, त्यामुळे आल्जर्नन ब्लॅकवुडची ‘द विलोज’ सुचवणं भाग आहे. १९०७ ची. दोन मित्र छोट्या होडीतून डेन्यूब नदीने निघालेत, व्हिएन्नाच्या पुढे बुडापेस्टच्या अलीकडे पूर आलेला असताना एका वाळूच्या बेटावर तंबू ठोकतात, सगळीकडे विलोची झुडपं. काहीही होत नाही, कितीतरी वेळ. मग सकाळी झुडपं तंबूच्या जवळ आल्यासारखी वाटतात. एक वल्हं गायब, दुसरं तासून इतकं पातळ केलेलं की जोर लावला तर मोडेल. होडीच्या तळाला चीर. आणि एक मित्र दुसऱ्याला सगळ्याची शास्त्रीय कारणं देतोय, वाळूने घासलं असेल, दगड लागला असेल, आणि वाचणाऱ्याला कळतंय की त्याचाच त्यावर विश्वास नाहीये. थोडी लांब आहे, एका बैठकीला दमवेल, पण करा. मी इथे नदीकाठी सायकलवरून फिरतो, उन्हाळ्यात लोक मजेत पोहत असतात, आणि मी त्या झुडपांकडे उगाचच दोनदा बघतो.

पण एक तक्रार पण नोंदवतो. ‘काही सांगायचं नाही’ ही हल्ली फॅशन झालीये. ऑनलाइन भयकथा वाचतो त्यातल्या निम्म्यांचा शेवट असा असतो की तो आरशात बघतो आणि... तीन टिंबं. लेखकालाच माहीत नसतं आरशात काय आहे, आणि आपण म्हणायचं वा काय गूढ! ब्लॅकवुड किंवा जेम्स वाचताना खात्री वाटते की यांना सगळं ठाऊक आहे आणि हे मुद्दाम गप्प आहेत. झुडपं, वल्हं, होडी सगळं एका दिशेला बोट दाखवतं, फक्त तिकडे काय आहे ते दिसत नाही. तीन टिंबवाल्यांच्या कथेत आधीच्या पानांवरच्या कुठल्याच गोष्टीचा त्या आरशाशी काही संबंध नसतो. म्हणून म्हटलं, कारण नको म्हणताना जरा जपून, आळशी लेखकांचं फावतं.

झोपमोड:
तीन टिंबं 😂😂 अगदी अगदी. आणि ऑडिओवाल्यांना पण कोणीतरी आवरा. गोष्ट चांगली असते, वाचणाऱ्याचा आवाज चांगला असतो, आणि मागे कोल्हेकुई, दाराची करकर, बाईचं हसणं, सगळं एकदम. अरे बाबा, तू ‘दार वाजलं’ म्हणालास ना, मग ते माझं मला ऐकू येऊ दे की.

पिठूर_चांदणं:
उलट्या पायांची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत असेलच. रात्री एक माणूस रस्त्याने जातोय, वाटेत कोणीतरी भेटतं, काडी मागतं, हा खाली बघतो तर पाय उलटे. धूम पळतो, पुढे टांगेवाला दिसतो, टांग्यात बसून धापा टाकत सांगतो की मी आत्ता उलटे पाय बघितले, आणि टांगेवाला पाय पुढे करून विचारतो, असे का? आमच्या गावात टांग्याची एसटी झाली, एसटीची रिक्षा झाली, गोष्ट तीच.

तर लाफ्काडिओ हर्न नावाचा लेखक, जपानमध्ये स्थायिक झालेला, त्याने १९०४ मध्ये जपानी भुताच्या गोष्टींचं ‘क्वाइदान’ नावाचं पुस्तक काढलं, त्यात ‘मुजिना’ म्हणून दोन-अडीच पानांची गोष्ट आहे. रात्री चढावर एक बाई रडत बसलेली, माणूस समजूत घालायला जातो, ती वळते तर चेहरा कोरा, डोळे नाहीत नाक नाही तोंड नाही. हा पळतो, लांब एक कंदील दिसतो, रस्त्यावर नूडल्स विकणारा. त्याला सांगतो की तिने मला जे दाखवलं ते... विक्रेता स्वतःच्या तोंडावरून हात फिरवतो आणि म्हणतो, असं होतं का? आणि दिवा विझतो. संपली गोष्ट. वाचून मी उडालोच, ही तर आमच्या आजीची गोष्ट! कोणी कोणाकडून घेतली ते जाऊ दे, मला त्यातली युक्ती आवडते, भूत भेटतं तेव्हा निदान आपल्याला पळता येतं, पण ज्याच्याकडे पळत जावं तोच तसला निघाला तर काय करायचं. खिडकीपाशी यांच्या यादीत हे नक्की बसेल. कारण शून्य, चहा निवायच्या आत संपते.

रवींद्रनाथांची ‘क्षुधित पाषाण’ पण घाला यादीत, १८९५ ची. कापसाचा कर गोळा करणारा एक अधिकारी नदीकाठच्या जुन्या ओसाड महालात राहतो, रात्री तिथे पैंजणं वाजतात, अत्तराचा वास येतो, आणि पहाटे एक वेडा मेहेर अली ओरडत फेऱ्या मारतो की दूर व्हा, सगळं खोटं आहे. ही गोष्ट एक अनोळखी माणूस स्टेशनवर गाडीची वाट बघताना सांगतोय, आणि नेमकं सगळं उलगडायच्या बेतात असताना गाडी येते. सांगणारा चढतो आपल्या डब्यात, निघून जातो. टागोर तरुणपणी अहमदाबादला भावाकडे शाहीबागेतल्या जुन्या महालात राहिले होते, तिथून ते सुचलेलं. माझा एक मित्र शेवट वाचून इतका चिडला की म्हणाला पुढचा भाग कुठे मिळेल.

रद्दीतला_खजिना:
तुमच्या त्या मित्राच्या बाजूने मी आहे हे नम्रपणे नमूद करतो.

सोमवारपेठ:
भुतांवर इतकं चाललंय तर बिनभुताची एक. शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’, न्यू यॉर्कर साप्ताहिकात जून १९४८ मध्ये आली आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला, बरेचसे भडकलेले, काहींनी अंक बंद केला. जूनमधली सुंदर सकाळ, गावातली माणसं चौकात जमतायत, पोरं खिशात दगड भरतायत, बायका गप्पा मारतायत, एक जण भांडी तशीच टाकून उशिरा आली म्हणून हसतायत. चिठ्ठ्या काढतात. पुढचं सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांनी आजच वाचा, वीस मिनिटांचं काम आहे. फक्त एक वाक्य कायम डोक्यात राहिलंय, शेवटी कोणीतरी लहानग्या डेव्हीच्या हातात थोडे खडे देतं. डेव्ही कोणाचा मुलगा ते वाचल्यावर कळेल. ही प्रथा का आहे, कोणी चालू केली, कोणालाच माहीत नाही, एक म्हातारा तेवढा पिकापाण्याची जुनी म्हण पुटपुटतो. म्हणजे कारण इथेही नाही, पण ते कोणी लपवलेलं पण नाही, सगळे विसरलेत आणि तरी करतायत. माझ्यासाठी भयकथा ही. चादरीला तोंड फुटलं तर मी खोली बदलेन, पण अख्खं गाव कसं बदलायचं?

आडवळण:
@सोमवारपेठ, आत्ताच वाचून आलो. पोरं सुरुवातीला दगड गोळा करत होती ते मी खेळ समजून पुढे गेलो होतो राव.

खिडकीपाशी:
काय एकेक सुचवलंयत! ‘मुजिना’ लगेच वाचली, इंग्रजीत इंटरनेटवर फुकट आहे, जेम्स-जेकब्स-ब्लॅकवुड यांच्या या कथा पण गुटेनबर्गवर सापडतील, ज्यांना हव्यात त्यांनी शोधा. सोमवारपेठ, तुमच्याशी मी भांडणार आहे पण आधी ‘लॉटरी’ परत वाचते, कॉलेजात परीक्षेसाठी वाचली होती आणि परीक्षेसाठी वाचलेलं काही अंगावर येत नाही. डेन्यूबकर, ‘यांना सगळं ठाऊक आहे आणि हे मुद्दाम गप्प आहेत’ हे मी मैत्रिणीला जसंच्या तसं पाठवलं, ती स्वतः लिहिते आणि सध्या तिची तीन टिंबांवर गाडी अडलीये. 🙈

रविवारी ‘क्षुधित पाषाण’ घेतेय, मराठी अनुवाद कोणाकडे चांगला असेल तर सांगा. आणि चकव्याच्या कथेचं कोणीच काही बोललं नाही, ती मागणी अजून उभी आहे.